विष्णुपुरीचे ठाणे राखिल्याची हकीकत

श्रीसिद्धेश्वर साह्य असो. लातूरकर त्रिदल पल्सेस प्रायव्हेट लिमिटेड या दौलतीत विष्णुपुरीचे ठाणे हातचे जाता जाता कैसे राहिले, कोणी शर्थ केली, कोणी माघार घेतली आणि अखेर कोणाच्या बोटांनी फत्ते जाहली, याचे बयान जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे मीठ घातलेले नाही; लागले तेथे चिमूटभर, इतकेच.

साल कोणते म्हणाल, तर थोरले राजेश्री महांतेश यांची कन्या वर्षाराणी हिचा साखरपुडा एकाच मुलाशी दोन वेळा जाहला, ते साल. पहिल्या वेळी मुलाच्या थोरल्या चुलत्यास पंगतीत दुसऱ्या रांगेस बसविले गेले, म्हणून ते रुसून उदगिरास निघून गेले, आणि त्यांच्या समक्ष झाला नाही तो साखरपुडाच नव्हे ऐसे ठरून दीड महिन्याने सारा सरंजाम पुन्हा मांडावा लागला. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. इंग्रजी दोन हजार चोवीस.

ते समयी तख्तावर खासे बसलिंगप्पा होते. उमर अठ्ठ्याहत्तर. अवघी दौलत त्यांस अप्पा म्हणे. आडत बाजारात पोत्यावर बसून तूर विकता विकता त्यांनी डाळीची एक गिरणी उभी केली, मग दुसरी केली, मग कंपनी केली. आणि कंपनी झाली म्हणून संचालक मंडळ आले, आणि मंडळ आले म्हणून काचेचे लांब मेज आणि फिरत्या खुर्च्या आल्या. परंतु अप्पांस फिरत्या खुर्चीचा भरवसा वाटेना, की जी वस्तू बूड टेकताच फिरते तिजवर बसून निश्चय कैसा करावा. म्हणून मेजाच्या शेवटास दिवाण मांडून त्यावर गादी आणि लोड घातला, आणि कारभार तेथून चाले.

मंडळात असामी पाच. एक अप्पा. दुसरे थोरले चिरंजीव महांतेश, कारभार पाहणारे. तिसरे धाकटे चिरंजीव मल्लेश, नांदेडकडील सुभेदार. चौथे मुरुडचे चंद्रप्पा, अप्पांचे पन्नास वर्षांचे भागीदार. आणि पाचव्या खुद्द मातुःश्री रत्नम्मा, ज्यांची हजेरी घरच्या घरी. दरबार उठला की वही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाई आणि त्या हात पुसून सही करीत.

दरबाराचा रिवाज ऐसा, की कलम वाचले जावे, अप्पांनी "काय, बरोबर हाय ना?" म्हणावे, आणि उजव्या हाताकडून "हाव अप्पा", "हाव अप्पा" ऐसे एकापाठोपाठ व्हावे. अठरा वर्षांत यात खंड नाही. एकदा गिरणी जांभळ्या रंगाने रंगविण्याचे कलमही ऐसेच मंजूर होऊन दोन वर्षे गिरणी जांभळी उभी होती, आणि तो रंग कोणास हवा होता याचा तपास आजतागायत लागला नाही.

आता मल्लेशांची कैफियत. उमर बेचाळीस. नऊ वर्षांमागे अप्पांनी त्यांस नांदेडकडे रवाना केले, तेव्हा शहरालगत विष्णुपुरीस भाड्याची एक पत्र्याची शेड, श्रीमंत नावाचा एक मुकादम आणि डाळ निवडणाऱ्या चार बाया इतकाच लवाजमा होता. मल्लेशांनी तेथे चाळण्या बसविल्या, पुड्या भरण्याचे यंत्र आणले, आणि देगलूरपासून किनवटापर्यंत किराणा दुकानांतून त्रिदलाची तूरडाळ पोचविली. आणि चाराच्या सव्वीस असामी झाल्या. बायको शिवानी तेथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवी. लातुरात मल्लेश म्हणजे अप्पांचे धाकटे. त्यांच्या चहात साखर किती हेही दुसराच सांगे. विष्णुपुरीस ते मल्लेशशेठ, आणि चहा ते स्वतः सांगत. दोन शहरांत माणसाची उंची निरनिराळी भरावी, हे त्यांनी कोणास सांगितले नाही, परंतु अहमदपूर मागे टाकून लोह्याकडे गाडी लागली की त्यांची पाठ आपोआप ताठ होई.

ऐसे चालले असता आश्विन वद्यात मंडळाच्या व्हॉट्सॲपवर दरबाराची इतल्ला, म्हणजे बैठकीची सूचना, आली. कलमे सहा. त्यांत चौथे कलम ऐसे, की नांदेड शाखेचे काम लातुरी आणून ती जागा सोडण्यास मंजुरी द्यावी. ते समयी मल्लेश चाळणीवर चढून जाळी तपासत होते. खिशात फोन थरथरला, वर महांतेशअण्णांचे नाव दिसले, आणि नऊ वर्षांच्या सवयीने त्यांनी न वाचता जोडलेल्या हातांचे चित्र पाठवून दिले. मग चंद्रप्पांचे हात आले, मग रत्नम्मांच्या फोनवरून, जो घरातले कोणीही उचली, आणखी हात आले, आणि एका मिनिटात ठाणे मोडण्याच्या कलमास हातच हात जुळले.

दुपारी जेवायला बसल्यावर शिवानीबाईंनी फोन हातात घेतला.

"चौथं वाचलंत का?"

"वाचलं की."

"काय लिहिलंय सांगा बरं."

मल्लेशांनी घास तसाच ठेविला.

"अहो, तुमची शाखा बंद करून राहिलेत ते," शिवानीबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही वर हात जोडलेत. निदान अंगठा तरी दाखवायचा, हात कशाला जोडलेत?"

"अण्णानं पाठवलं म्हणल्यावर अप्पांचंच असणार."

"अप्पांना कधी न्हाई म्हणून बघितलंय?"

"तशी वेळच आली न्हाई."

"बेचाळीस वर्षांत?"

मल्लेशांच्या ताटातली भाकरी वाळून गेली.

बातमीस पाय फुटले. संध्याकाळच्या आत श्रीमंत मुकादम दाराशी येऊन उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली, आणि म्हणाला, "शेठ, बाया विचारून राहिल्यात, दिवाळीनंतर यायचं का न्हाई म्हणून." मल्लेश म्हणाले, "बघतो मी." श्रीमंत म्हणाला, "बघतो म्हणला म्हंजी झालंच मग," आणि निघून गेला. हा वार खोल बसला. मल्लेशांनी ते समयी मनात निश्चय केला, की दरबारापूर्वी एकेक सरदार गाठावा, आपल्या बाजूस वळवावा, आणि आपणास अप्पांपुढे तोंड उघडण्याची वेळच येऊ देऊ नये.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटता स्वारी निघाली. विष्णुपुरी सोडून लोहा, लोह्यावरून अहमदपूर, चाकुरास चहा, आणि लातूर बाजूस टाकून थेट मुरुड. तेथे चंद्रप्पा ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा फोडून दाणा दाताखाली पाहत होते. मल्लेशांनी अर्ज गुजरला. चंद्रप्पांनी काठी आपटली.

"आरं पोरा, मी हाय न्हवं! शाखा बंद करायला काय येड लागलंय? मी सांगतो अप्पाला, तोंडावर सांगतो. अप्पा काय वाघ हाय का?"

"काका, तेवढं कराच."

"कराच काय, झालं समज. मी कुणाला भीत न्हाई."

इतक्यात फोन वाजला. चंद्रप्पांनी नाव पाहिले, उठून उभे राहिले, पायांत चपला घातल्या, आणि मग फोन कानास लाविला. "हाव अप्पा," ते म्हणाले. "हाव. हाव. हाव अप्पा." मग फोन ठेवून, चपला काढून, बसले आणि शेंगा फोडू लागले. मल्लेशांनी जाणले की या गडावर निशाण आहे, तोफ नाही.

तेथून कूच करून लातुरी आले आणि महांतेशांस त्यांच्या केबिनीत गाठले. महांतेशांपुढे पुण्याच्या सल्लागारांनी केलेला चाळीस पानांचा अहवाल होता, त्यात बाण, वर्तुळे आणि रंगीत पट्ट्या यांची गर्दी.

"अण्णा, हे कुणाचं डोकं?"

"मल्ल्या, हे वरून आलंय."

"वरून म्हंजी?"

"वरून म्हंजी वरून," आणि महांतेशांनी छताकडे बोट केले, ज्याच्या वर पाण्याच्या टाकीखेरीज काही नव्हते. "तू काळजी करू नको. तुला माझ्या शेजारची केबिन देतो. एसी हाय. काम बी लई न्हाई."

मल्लेशांच्या ओठांवर नऊ वर्षांची शेड, सव्वीस माणसे आणि देगलूरची दुकाने आली, आणि बाहेर पडले ते "हाव अण्णा". महांतेशांचाही चेहरा काही सुखाचा नव्हता. परंतु तो पाहण्यास मल्लेशांनी मान वर केली नाही.

तिसरा गड घरचा. रत्नम्मा भाजणी चाळत होत्या. मल्लेशांनी पाटावर बसून सारी हकीकत निवेदन केली, आणि मग म्हणाले, "तर बघा अव्वा, आता काय करायचं ते."

"तुला काय पाहिजे?"

"अप्पा म्हणतील तसं."

रत्नम्मांनी चाळण थांबविली. "मग तू नांदेडहून एवढा आलास कशाला? जेवायला?"

मल्लेश जेवले. निघताना रत्नम्मांनी विचारले, की दरबार किती वाजता आणि किती माणसे असतात, त्यांत बाहेरचा कोण. मल्लेशांनी सांगितले आणि त्यातून काही अर्थ काढला नाही.

आश्विन वद्य अष्टमी, गुरुवार, सकाळी अकरास दरबार भरला. अप्पा गादीवर. उजवीकडे चंद्रप्पा, मग महांतेश, मग मल्लेश. दप्तरदार, म्हणजे कंपनीचे सचिव, वही आणि शिक्के घेऊन डावीकडे. पुण्याच्या सल्लागारांनी भिंतीवर चित्रे पाडून पाऊण तास व्याख्यान केले, की नांदेड मिटविल्याने काय काय वाढेल. आणि सारे ऐसे तन्मयतेने ऐकत होते की जणू कोण्या परक्या मुलखाची लढाई आहे. तीन कलमे केव्हाच पार झाली होती. चौथे आले. अप्पांनी लोडास टेकून विचारले, "काय, बरोबर हाय ना?"

चंद्रप्पांनी घसा खाकरला. मल्लेश खुर्चीच्या कडेस सरकले. चंद्रप्पांनी पुन्हा घसा खाकरला, पाण्याचा घोट घेतला, मल्लेशांकडे पाहिले, छताकडे पाहिले, आणि म्हणाले, "हाव अप्पा."

महांतेश म्हणाले, "हाव अप्पा."

आता पाळी मल्लेशांची. "हा" ओठांपर्यंत आला होता, आणि त्याच्या मागे "व" निघण्याच्या बेतात होता, आणि दप्तरदारांनी सर्वानुमते मंजूर या अक्षरांचा रबरी शिक्का शाईवर टेकविला होता, इतक्यात दार उघडले आणि रत्नम्मा आत आल्या. अठरा वर्षांत मातुःश्रींनी या दालनात पाऊल ठेविले नव्हते. सारे उठले. सल्लागारही उठले, कशासाठी ते न कळून. रत्नम्मांनी फिरती खुर्ची एक वेळ निरखून पाहिली, मग ती बाजूस सारून दिवाणावरच अप्पांच्या शेजारी बसल्या.

"तू इथं?" अप्पा म्हणाले.

"मी बी संचालक हाय न्हवं? सही करते की." मग दप्तरदारांकडे वळून, "शिक्का ठेवा बाजूला."

शिक्का बाजूला गेला. मग रत्नम्मांचा हुकूम जाहला तो ऐसा. या कलमावर कोणी तोंडाने बोलू नये. तुम्ही सारे आडतवाले. आडत बाजारात रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत तुमच्या हाडात आहे, जरी सरकारने ती केव्हाच मोडिली. त्या रुमालाखाली तुम्ही बापालाही कमी भाव सांगितला आणि मित्रालाही परत पाठविले, आणि रुमालाखालच्या भावाचा राग कोणी धरायचा नाही हा तुमचाच कायदा. तरी आज तैसेच करावे. अप्पांनी हात द्यावा, प्रत्येकाने येऊन दाबावे. शाखा बंद करावी वाटते त्याने एक बोट, राखावी वाटते त्याने दोन. ऐसे म्हणून त्यांनी अप्पांच्या खांद्यावरचे उपरणे काढून त्यांच्या उजव्या हातावर टाकिले.

सल्लागारांनी विचारले की ही कोणती पद्धत. त्यांस बसण्याची खूण जाहली.

आणि नवल ऐसे, की हात उपरण्याखाली जाताच अप्पांची पाठ सरळ झाली, डोळे बारीक झाले, आणि तीस वर्षांमागचा आडत्या गादीवर बसला.

पहिले चंद्रप्पा गेले. बराच वेळ दाबादाबी चालली. मग अप्पा म्हणाले, "चंद्रप्पा, तुरीचा भाव न्हाई विचारला. नांदेडचं सांग."

"हाव की," चंद्रप्पा ओशाळले, "सवयीनं गेलं," आणि पुन्हा दाबून मागे आले. अप्पांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही.

मग महांतेश गेले. हात घातला आणि काढला. आणि अप्पांनी मान वळवून थोरल्या लेकाकडे ऐसे पाहिले, की जणू घरात नवीन माणूस आले आहे.

मग मल्लेश. काचेच्या मेजापासून दिवाणापर्यंत पावले सात, आणि ती सात पावले मुरुडच्या वाटेहून लांब जाहली. उपरण्याखाली बापाचा हात होता, खरबरीत आणि गरम, ज्या हाताने त्यांस सायकल शिकवली होती आणि एकदा मुस्काटातही दिली होती. मल्लेशांचे एक बोट आपल्या पायाने गेल्यासारखे जाऊन त्या तळव्यावर टेकले. सवय ती. अप्पांनी डोळे मिटले. वर कोणास काही दिसत नव्हते, कोणी काही ऐकत नव्हते, आणि नांदेडास सव्वीस माणसे दिवाळीनंतरची वाट पाहत होती. मग त्यांनी दुसरे बोट पुढे केले आणि दोन्ही मिळून इतक्या जोराने दाबली, की अप्पा म्हणाले, "हळू की. कळलं."

रत्नम्मांनी आपली पाळी बसल्या जागी उरकिली. मग अप्पा बोलणार तोच त्या म्हणाल्या, "थांबा. तुमचं राहिलं. आता हात माझा."

अप्पा म्हणाले, "माझं काय, मी तर मालक हाय."

"मालकाला बोटं न्हाईत का?"

तेव्हा उपरण्याखाली हात उलटे झाले. रत्नम्मांनी वाट पाहिली, मग भुवया उचलल्या, मग हसल्या, आणि उपरणे झटकून अप्पांच्या खांद्यावर परत ठेविले.

"दोन," त्या म्हणाल्या.

"पाचांची बी दोनच," अप्पा म्हणाले. मग अप्पा महांतेशांस म्हणाले, "मग हे काढलं कुणी? तूच चाळीस पानं करून आणलीस न्हवं? मी म्हणलं, पोराच्या मनात हाय, आता आपण म्हातारे, आडवं कशाला यावं."

"अप्पा, तुम्हीच म्हणालात!" महांतेश उठून उभे राहिले. "चाकुराजवळ रस्ता खोदलेला, आपण दोन तास अडकलो, तवा तुम्ही म्हणालात, नांदेडला एवढ्या लांब हा पसारा कशाला वाढवला म्हणून. मी त्याच दिवशी पुण्याला फोन केला."

"आरं, माझी कंबर दुखत होती!"

"मला काय ठाऊक! तुमचा शब्द म्हणल्यावर..."

"कंबर दुखल्यावर माणूस काय बी बोलतो. घर विकावं असं बी म्हणलो होतो मी त्या दिवशी."

"त्याची फाइल पुढच्या महिन्यात घेणार होतो," महांतेश खाली मान घालून म्हणाले.

यावर पहिले हसले चंद्रप्पा, आणि मग ऐसा हशा उसळला की गिरणीतले हमाल खिडकीशी आले. अप्पा हसता हसता खोकू लागले, आणि रत्नम्मांनी पाठ चोळली, आणि महांतेश डोळे पुसत धाकट्या भावाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "मला तर वाटलं, तुलाच परत यायचंय. हात जोडलेस न्हवं तू लगेच." मल्लेश म्हणाले, "अण्णा, मी वाचलंच नव्हतं," आणि हशा पुन्हा उसळला. सल्लागारांनी भिंतीवरची चित्रे विझविली आणि विचारले, की अहवालाचे पुढे काय करावे. त्यांस जेवून जाण्याचा हुकूम जाहला.

दप्तरदारांकडे नामंजूर या अक्षरांचा शिक्का नव्हता, कारण तो लागेल ऐसे कोणास वाटले नव्हते. म्हणून त्यांनी हाताने लिहिले. कलम चार, नांदेड शाखा लातुरी आणणे: पाच विरुद्ध शून्य मतांनी नामंजूर. खाली पाच सह्या. त्यांत रत्नम्मांची सही प्रथमच मेजावर जाहली.

येणेप्रमाणे विष्णुपुरीचे ठाणे कायम राहिले. श्रीमंत मुकादमास मल्लेशांनी वाटेत चाकुराहूनच फोन करून कळविले, की बायांस सांग, दिवाळीनंतर सोमवारपासून यायचे. श्रीमंत म्हणाला, "शेठ, बघतो म्हणला होता न्हवं तुम्ही?" मल्लेश म्हणाले, "बघितलं." पुढे दरबारात ठराव ऐसा जाहला, की अडचणीचे कलम आले तर आधी उपरणे टाकावे. त्यावर पहिल्या दोन महिन्यांत चार कलमे पडली, त्यांत दोन अप्पांची स्वतःची.

मार्गशीर्षात अप्पा आपल्या मर्जीने नांदेडास निघाले. नऊ वर्षांत त्यांनी ते ठाणे एकदाही उतरून पाहिले नव्हते. गाडीतूनच "बरं हाय" म्हणून पुढे जात. या खेपेस एका दिवसासाठी आले. शेडमध्ये खुर्ची घालून बसले, डाळीची मूठ हातात घेऊन वासावरून वाण सांगू लागले, बायांनी चूक काढली ती मान्य करू लागले, आणि चहा धाकट्या लेकास विचारून घेऊ लागले. एका दिवसाचे चार झाले, चाराचे आठ झाले. मग रत्नम्माही कपड्यांची पिशवी घेऊन आल्या. लातुरास परत कूच करण्याची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा अप्पांनीच मोडिली.

बसलिंगप्पा दिनांक ९ जानेवारी २०२५, पौष शुद्ध दशमी, गुरुवारी सकाळी साडेनऊस, विष्णुपुरी येथे धाकटे चिरंजीव मल्लेश यांच्या घरी देह ठेवून लिंगैक्य झाले. उमर अठ्ठ्याहत्तर.